देवयानीचा कल आणि न दिसणारे वजन

आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन उरकते, फटाके थांबतात, धूर खाली बसतो, आणि रात्री दहा-अकराच्या दरम्यान दिंडोरीच्या आकाशात देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. दिंडोरीचा अक्षांश सुमारे २० अंश. त्यामुळे ती बरोबर माथ्यावर येत नाही, थोडी उत्तरेकडे कलते. बाजारपेठेत उभे राहून ती दिसायची नाही. ओझरखेड किंवा करंजवण धरणाच्या बाजूला गेले तर दिसते. दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर नाशिक असल्याने तिकडचे क्षितिज रात्रभर उजळलेले असते, पण वणीच्या डोंगरांकडे अजून अंधार शिल्लक आहे. नुसत्या डोळ्यांना ती एक पुसट डाग वाटते. साधी द्विनेत्री दुर्बीण लावली की डागाला आकार येतो आणि तो आकार लांबट असतो.

या तालुक्यात रात्री जागी असणारी माणसे पुष्कळ आहेत. द्राक्षांची गोडी छाटणी होऊन गेलेली असते, बागा फुटव्यावर असतात, पावसाची आणि डाऊनी रोगाची धास्ती असते, आणि शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली तर मोटर चालू करायला मळ्यात जावेच लागते. यांतल्या कित्येकांच्या डोळ्यांसमोरून देवयानी जात असते. तिचा लांबटपणा ही साधी दिसणारी गोष्ट. पण त्याच लांबटपणाचा नेमका अर्थ लावता आला, तर विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचे वजन काढता येते. हे काम आज जगात मोजक्या ठिकाणी चालते, आणि त्यातले एक ठिकाण पुणे आहे.

देवयानी मुळात लांबट नाही. ती गोल, चपटी चकती आहे. परात समोर सरळ धरली की गोल दिसते, तिरकी धरली की लंबगोल, आणि आडवी केली की नुसती कड. देवयानी आपल्याला बरीच तिरकी दिसते. पण २५ लाख प्रकाशवर्षांवरची वस्तू खरेच गोल आहे आणि केवळ तिरकी दिसते, की मुळातच लांबट आहे, हे फोटोवरून कसे सांगणार? फोटो ते सांगत नाही. सांगते ती तिची गती.

१९१२ साली व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे आढळले. (यात आपल्या सूर्याच्या स्वतःच्या भ्रमणाचाही वाटा आहे.) पुढे १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी चकतीच्या वेगवेगळ्या ठिकाणचे वेग मोजून प्रसिद्ध केले. एक बाजू सेकंदाला पाचशेहून अधिक किलोमीटर वेगाने जवळ येते, दुसरी शंभरच्याही आत. दोन्हींतला फरक म्हणजे चकतीचे फिरणे. त्या मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली, तिने खगोलशास्त्राची दिशा बदलली. केंद्रापासून दूर गेल्यावर वेग कमी व्हायला हवा होता, तो होत नव्हता. दिसणाऱ्या ताऱ्यांचे वजन त्या वेगाला पुरे पडत नव्हते. बाकीचे वजन कुठेतरी होते, पण उजेड देत नव्हते. त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो.

कृष्णद्रव्याचा पहिला सबळ संशय याहून जुना आहे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. त्या इतक्या जोरात धावत होत्या, की नुसत्या दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने तो समूह एकत्र राहिलाच नसता. याच झ्विकींनी १९३७ साली आणखी एक मार्ग सुचवला. आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वळतो. सूर्याच्या कडेला हे वळण १.७५ विकलांचे, आणि २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ते मोजलेही गेले होते. मग एखादी दीर्घिका मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वळवत असेल, तर त्या वळणावरून पुढच्या दीर्घिकेचे वजन काढता यावे. गती पाहणे आणि प्रकाशाचे वळण पाहणे, या दोन्ही वाटा एकाच माणसाने चार वर्षांच्या अंतराने दाखवल्या. पहिली लगेच वापरता आली. दुसरीसाठी बेचाळीस वर्षे थांबावे लागले.

१९७९ साली सप्तर्षीच्या भागात एकाच क्वेसारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या, दोन प्रतिमा सापडल्या आणि गुरुत्वीय भिंग ही प्रत्यक्षातली गोष्ट ठरली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयावर त्याच सुमारास काम चालू होते. शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी १९७९-८० च्या काळात एक कल्पना मांडली. काही क्वेसारांचे भाग प्रकाशापेक्षा जास्त वेगाने एकमेकांपासून दूर जाताना भासतात. वाटेतल्या एखाद्या दीर्घिकेने भिंगासारखे काम केल्यामुळे हा भास होत असावा, असे त्यांचे म्हणणे होते. ही कल्पना टिकली नाही. आपल्या दिशेने जवळजवळ प्रकाशवेगाने येणाऱ्या झोतांचे स्पष्टीकरण सर्वमान्य झाले. पण चित्रे भिंगांच्या मागे लागून राहिले. डी. नरसिंह आणि कंदस्वामी सुब्रह्मण्यन यांच्यासह त्यांनी भिंगांची गणिती प्रतिमाने बांधली. गणित सांगते की अशा भिंगातून प्रतिमा विषम संख्येत दिसायला हव्यात, आणि आकाशात दोन किंवा चारच दिसतात. मग उरलेली एक कुठे गेली? भिंगाच्या गाभ्यात द्रव्य फार दाटलेले असेल तर मधली प्रतिमा इतकी मंद होते की हाती लागत नाही, असे या तिघांनी १९८६ साली ‘नेचर’मध्ये दाखवले. चित्रे २०२१ च्या जानेवारीत गेले, नारळीकर २० मे २०२५ रोजी. नारळीकरांचे नाव मराठी घरांत विज्ञानकथांमुळे आणि स्थिरस्थिती विश्वाच्या बाजूने दिलेल्या लढ्यामुळे माहीत आहे. भिंगांच्या अभ्यासात महाराष्ट्राने इतक्या लवकर घातलेली ही भर मात्र फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे.

दोन प्रतिमा, कमानी, कडी ही जोरदार भिंगाची लक्षणे. ती क्वचित घडतात, कारण समोरची आणि मागची दीर्घिका जवळजवळ एका रेषेत यावी लागते. आकाशातल्या बाकी सगळ्या दीर्घिकांचे काय? त्यांचाही प्रकाश वाटेत वळतोच, फक्त अगदी थोडा. एक प्रतिमा एकच राहते, तिचा आकार मात्र किंचित ताणला जातो. याला क्षीण गुरुत्वीय भिंग म्हणतात. हा ताण साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असतो. गोल दीर्घिका एक टक्क्याने लांबट झाली तर ते कळले असते. पण दीर्घिका मुळात गोल दिसतच नाहीत. देवयानीसारखी प्रत्येक जण आपापल्या कलाने तिरकी असते. हा मूळचा लांबटपणा सरासरीने तीस टक्क्यांच्या घरात जातो. एक टक्क्याची कुजबुज तीस टक्क्यांच्या गोंगाटात ऐकायची आहे.

यावरचा उपाय संख्येत आहे. दीर्घिकांचे कल एकमेकांशी ठरवून नसतात. खूप दीर्घिकांची सरासरी काढली तर मूळचे कल एकमेकांना काटतात आणि सगळ्यांना सारखाच बसलेला ताण मागे उरतो. मात्र हा गोंगाट दीर्घिकांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होतो. एक टक्क्याचा ताण दहा टक्के अचूकतेने मोजायचा तर तीस टक्क्यांचा गोंगाट एक दशांश टक्क्यावर आणावा लागतो. म्हणजे तीनशे पट कमी, आणि त्यासाठी तीनशेचा वर्ग, नव्वद हजार दीर्घिका. आकाशाच्या एका तुकड्यासाठी इतक्या. म्हणून क्षीण भिंगाचा सगळा इतिहास मोठ्या आकाशसर्वेक्षणांचा इतिहास आहे. १९९० साली टोनी टायसन आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकासमूहांभोवती हा ताण पाहिला, आणि २००० साली चार वेगवेगळ्या गटांनी तो आकाशाच्या मोकळ्या भागात, विश्वातल्या एकूण द्रव्यामुळे पडलेला म्हणून मोजला.

पुण्यातले काम याच ओळीतले. नारळीकरांनी १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात उभारलेल्या आयुका या संस्थेत सुहृद मोरे हा विषय हाताळतात. हवाई बेटांवरच्या सुबारू दुर्बिणीवर हायपर सुप्रीम-कॅम नावाचा ८७ कोटी पिक्सेलचा कॅमेरा आहे. दुर्बिणीचा आरसा ८.२ मीटरचा. या कॅमेऱ्याच्या सर्वेक्षणात जपान, तैवान आणि अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर मोरे यांचा वाटा राहिला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये पहिल्या तीन वर्षांच्या सामग्रीवरचे निष्कर्ष जाहीर झाले. ४१६ चौरस अंश आकाश आणि सुमारे अडीच कोटी दीर्घिकांचे आकार. त्या मालिकेतला मूळ मोजणीचा लेख मोरे यांच्या नावाने सुरू होतो: दीर्घिका एकमेकींजवळ किती गोळा होतात, एका दीर्घिकेभोवती मागच्या दीर्घिकांचे आकार किती ताणले जातात, आणि सगळ्या आकाशभर हा ताण कसा पसरला आहे, या तिन्ही मोजण्या त्यात आहेत. सर्वेक्षणाचा एक पट्टा तिमिंगल तारकासमूहात, खगोलीय विषुववृत्ताच्या लगत आहे. दिवाळीत मध्यरात्रीच्या सुमारास तो दिंडोरीच्या दक्षिण आकाशात चांगला उंच असतो.

या कामातले खरे कष्ट कुठे आहेत ते जवळून पाहण्यासारखे आहे. फोटोत दीर्घिकेचा आकार केवळ गुरुत्वामुळे बदलत नाही. हवेमुळे ती फाकते, आरशाच्या किंचित वाकण्याने ताणली जाते, कॅमेऱ्याच्या संवेदकांमुळे विकृत होते. या सगळ्या विकृती मिळून भिंगाच्या ताणापेक्षा मोठ्या असतात. त्या काढायला त्याच फोटोतले आपल्या आकाशगंगेतले तारे उपयोगी पडतात. तारा इतका लहान दिसतो की त्याचा ठिपका आदर्श दुर्बिणीत बिंदूच हवा. फोटोत तो जितका आणि ज्या दिशेला फाकलेला असेल, तितकी विकृती यंत्राची आणि हवेची. फोटोभर विखुरलेल्या ताऱ्यांवरून मधल्या जागांची विकृती काढायची आणि प्रत्येक दीर्घिकेच्या आकारातून ती वजा करायची. मग संगणकात खोट्या दीर्घिका तयार करून, त्यांना माहीत असलेला ताण देऊन, आपली पद्धत तो बरोबर परत काढते का ते तपासायचे. अडीच कोटी आकारांमागे हे सगळे आहे.

त्यानंतर स्वतःपासून सावध राहायचे. उत्तर काय यायला हवे याची अपेक्षा मनात असली की माणूस अपेक्षेजवळ पोचल्यावर चुका शोधणे थांबवतो. म्हणून या गटाने सामग्रीचे तीन संच केले. दोन मुद्दाम बदललेले, एक खरा, आणि खरा कोणता ते विश्लेषण करणाऱ्यांना माहीत नाही. सगळ्या तपासण्या झाल्यावरच पडदा उघडायचा आणि आलेले उत्तर न बदलता छापायचे, असे आधीच ठरलेले. मला या शास्त्रातली ही सर्वांत थोर गोष्ट वाटते.

उत्तर एका संख्येत येते. विश्वातले द्रव्य किती गाठाळलेले आहे, हे सांगणाऱ्या त्या संख्येला एस-८ म्हणतात. विश्वाच्या बाल्यावस्थेतला प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या हिशोबाने ती आज ०.८३ असायला हवी. हायपर सुप्रीम-कॅमच्या मोजणीत ती ०.७७ च्या आसपास आली, ०.०३ च्या अनिश्चिततेसह. इतर सर्वेक्षणेही त्याच बाजूला झुकत होती. विश्व अपेक्षेपेक्षा कमी गाठाळलेले असेल तर कृष्णद्रव्याबद्दल किंवा गुरुत्वाबद्दल आपले काहीतरी चुकते आहे. मात्र २०२५ साली युरोपीय किड्स सर्वेक्षणाच्या अंतिम विश्लेषणात ही संख्या ०.८१५ आली, आणि प्लँकशी असलेली तफावत बरीच निवली. मोठे आकाश आणि दीर्घिकांच्या अंतरांचा सुधारलेला अंदाज, ही त्याची मुख्य कारणे. हायपर सुप्रीम-कॅमच्या गटालाही अतिदूरच्या दीर्घिकांच्या अंतरांवर पुरता भरवसा ठेवता आला नव्हता, आणि ती अंतरे किती चुकली असतील हा आकडा मोकळा सोडून त्यांनी उत्तर काढले होते. ही अंतरे फोटोतल्या रंगांवरून काढतात. वर्णपट मिळाला तर अंतर नेमके कळते, पण कोट्यवधी मंद दीर्घिकांचा वर्णपट कोण घेणार?

इथे पुन्हा गतीकडे यावे लागते. मोरे यांनी २००९ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पीएच.डी. केली ती याच वाटेने. मोठ्या दीर्घिकेभोवती लहान सोबती दीर्घिका फिरतात. त्यांच्या वेगांवरून मधल्या दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्याचे वजन निघते. एका दीर्घिकेला हाती लागणारे सोबती एक-दोनच असतात. म्हणून सारख्या तेजाच्या हजारो दीर्घिकांचे सोबती एकत्र करून हिशोब करायचा. स्लोन सर्वेक्षणाच्या सामग्रीवर त्यांनी तो केला. पुढे बेनेडिक्ट डिमर आणि आंद्रेई क्रावत्सोव यांच्यासह त्यांनी दीर्घिकासमूहाची कड कुठे मानायची या प्रश्नाला उत्तर दिले: बाहेरून पडत आलेले द्रव्य गाभ्यातून आरपार जाऊन पहिल्यांदा जिथवर पोचून परत फिरते, ती कड. अशी कड प्रत्यक्ष सामग्रीत त्यांनी २०१६ साली शोधली. गती आणि प्रकाश या दोन साक्षी जुळतात का, हा आइनस्टाइनची परीक्षा घेण्याचाही मार्ग आहे. मंद गतीने चालणारे द्रव्य आणि प्रकाश यांना गुरुत्व सारख्याच हिशोबाने वळवते का, हे २०१० साली ‘नेचर’मधल्या एका लेखात सत्तर हजारांहून अधिक दीर्घिकांवर तपासले गेले. त्या तुलनेतून निघणारी संख्या आइनस्टाइनच्या हिशोबाने ०.४० असायला हवी होती; मोजणीत ती ०.३९ आली, ०.०६ च्या अनिश्चिततेसह.

आता देवयानीच्या लांबटपणाकडे वळू. समजा एका दूरच्या चकतीच्या प्रत्येक बिंदूचा वेग आपल्याला मिळाला. जी बाजू जवळ येते आणि जी दूर जाते, त्यांना जोडणारी रेषा चकतीच्या लांबट बाजूवरच पडायला हवी, कारण कलणे आणि फिरणे एकाच चकतीचे आहे. वाटेतल्या वस्तुमानाने प्रतिमा तिरकी ताणली तर वेगांचा नकाशा आणि उजेडाचा नकाशा यांच्या रेषा जुळत नाहीत. त्या जितक्या फटकून असतील तितका ताण. पण ताण नेमका लांबट बाजूच्याच दिशेने असला तर रेषा फटकत नाहीत. तेव्हा १९७७ साली ब्रेंट टुली आणि रिचर्ड फिशर यांनी मांडलेला संबंध कामी येतो. चकती जितकी तेजस्वी तितकी ती वेगाने फिरते. तेजावरून खरा वेग कळतो, वर्णपटावरून कललेल्या चकतीचा दिसणारा वेग कळतो, दोघांच्या तुलनेवरून खरा कल निघतो, आणि तो कल फोटोतल्या लांबटपणाशी ताडून पाहायचा. उरेल तो ताण. मुळातला कल किती हे आता प्रत्येक दीर्घिका स्वतः सांगते, सरासरीवर विसंबावे लागत नाही.

ही कल्पना २००२ पासून वेगवेगळ्या रूपांत मांडली गेली. एरिक हफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हिशोब मांडला की यामुळे आकारांचा गोंगाट सुमारे दहा पट घटू शकतो. वर्गमुळाचा नियम आठवला तर याचा अर्थ कळेल. दहा पट कमी गोंगाट म्हणजे शंभर पट कमी दीर्घिका, नव्वद हजारांच्या जागी नऊशे. ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाच्या पोल गुर्री, एडवर्ड टेलर आणि ख्रिस्तोफर फ्ल्यूक यांनी २०२० साली अवघ्या १८ दीर्घिकांवरून सरासरी ताण मोजून दाखवला: सुमारे दोन टक्के, ०.८ टक्क्यांच्या अनिश्चिततेसह. एवढ्या थोड्या दीर्घिकांवरून हे निघाले, यातच त्या पद्धतीची ताकद आहे.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. दीर्घिकेच्या प्रत्येक बिंदूचा वेग घेणे म्हणजे तिच्या उजेडाचे बारीक तुकडे करून प्रत्येकाचा वर्णपट घेणे. मंद दीर्घिकेला त्यासाठी मोठ्या दुर्बिणीचे तास लागतात. काही चकत्या मुळातच वाकलेल्या असतात, काहींचा वायू शेजारणीच्या ओढीने ढवळलेला असतो. टुली-फिशर संबंधातही प्रत्येक दीर्घिका रेषेवर चोख बसत नाही. शिवाय ही पद्धत फिरणाऱ्या चकत्यांनाच लागू पडते. गोलाकार, न फिरणाऱ्या दीर्घिका तिला निरुपयोगी. त्यामुळे ती फोटोंच्या सर्वेक्षणाची जागा घेणार नाही. मला वाटते तिचा खरा उपयोग जिथे आकाश थोडे आणि प्रश्न नेमका आहे तिथे होईल. उदाहरणार्थ, एका विशिष्ट समूहाभोवती कृष्णद्रव्य कसे पसरले आहे.

भिंगाच्या कामात सामान्य माणसाला जागा आहे, ती जोरदार भिंगांच्या बाजूला. आयुकातल्या अनुप्रिता मोरे यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर चालवलेल्या ‘स्पेस वॉर्प्स’ उपक्रमात सुमारे ३७ हजार लोकांनी संगणकावर आकाशाचे फोटो चाळून भिंगे शोधली. फोटोंत मधूनच खोटी भिंगे पेरलेली असत. ती ओळखता आली की बघणाऱ्याची नजर किती तयार झाली ते कळे. संगणकाच्या आज्ञावल्यांच्या हातून निसटलेली भिंगे त्यांतून सापडली. नारिंगी दीर्घिकेभोवती निळसर कमान दिसते का, एवढेच पाहायचे असते. दिंडोरीच्या शाळेतल्या मुलाला फोनवर ते जमेल.

२३ जून २०२५ रोजी चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने पहिले फोटो जाहीर केले. तिथल्या कॅमेऱ्यात ३२० कोटी पिक्सेल आहेत, आरसा ८.४ मीटरचा, आणि दहा वर्षांत दक्षिण आकाशाचा प्रत्येक भाग शेकडो वेळा टिपला जाणार आहे. युरोपची युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये अंतराळात गेली, तीही त्याच कामावर आहे. दीर्घिकांचे आकार आता अब्जांच्या संख्येने मिळतील. वर्णपट मात्र त्यांतल्या अगदी थोड्यांचाच घेता येईल. अमेरिकेतल्या डेसी यंत्राला पाच हजार तंतू आहेत, म्हणजे एका वेळी पाच हजार दीर्घिका, आणि तेवढ्यानेही मजल काही कोटींपर्यंतच जाते. त्यातही बहुतेकींचा एकच वर्णपट मिळतो. त्यावरून अंतर कळते, फिरणे कळत नाही. एवढ्या अब्जांतून कोणत्या दीर्घिकांपुढे दुर्बिणीचे तास खर्च करायचे, त्यांतल्या कोणत्या चकत्या नीट फिरणाऱ्या आहेत, कोणत्या मोठ्या समूहाच्या मागे बरोबर जागेवर आहेत, हे फोटोंवरूनच आधी ओळखावे लागेल. ती निवड करण्याच्या पद्धती आज तयार होत आहेत.